चहाचा निकाल

थेंबशेठ तसे वाईट नव्हते. फक्त त्यांना एक साडू होता.

साडू पुष्कळांना असतात, आणि बहुतेक साडू एकमेकांकडे थोडं तिरकंच बघतात, हे मान्य. दोन परक्या माणसांनी एकाच घरात जावई म्हणून जायचं, एकाच सासूच्या पंगतीला बसायचं आणि जन्मभर आपापल्या बायकोच्या तोंडून दुसऱ्याचं कौतुक ऐकायचं, ही रचनाच मुळात भांडणाची आहे. पण थेंबशेठचं दुखणं तिरक्या नजरेवर भागणारं नव्हतं. धाकट्या साडूचं नाव निघालं की त्यांचा घास घशात अडकायचा, आणि बायकोला वाटायचं, ठसका लागला.

थेंबशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी इमारतींची गळकी छतं दुरुस्त करायची कंत्राटं ते घेत. छत खरवडायचं, भेगा भरायच्या, वर डांबरी चादर तापवून चिकटवायची आणि मग सगळ्या छतावर पाणी साठवून ठेवायचं. पाणी साठलं की ते अधिकाऱ्याला हाताला धरून खालच्या खोलीत न्यायचे, वर बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "एक थेंब पडला तर नाव सांगणार नाही." हे इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा म्हणून झालं की लोकांनी त्यांना नावच ठेवलं. त्यांनाही ते आवडायचं.

धाकटा साडू लग्न झालं तेव्हा रिकामाच होता. मेहुणीने डोळ्यांत पाणी आणलं, बायकोने चार दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे थेंबशेठनी त्याला छतावर घेतलं. डांबराचे डबे वाहायला. निविदा कशी वाचायची, कुठल्या टेबलावर हसायचं आणि कुठल्या टेबलावर गप्प बसायचं, हे सगळं त्यांनी त्याला शिकवलं. पुढे तो म्हणाला, दादा, मला उंचावर चक्कर येते, मी भिंती रंगवतो. थेंबशेठ हसले होते. छतवाल्याने रंगाऱ्याला हसावं तसंच.

त्या रंगाऱ्याने पुढे त्यांचं हसू पार घालवलं.

झालं असं की एका कार्यालयाच्या भिंतीचे पोपडे निघाले, आणि तिथल्या साहेबांनी साडूला काळ्या यादीत टाकलं. काळी यादी म्हणजे तीन वर्षं कुठल्याही सरकारी दारात उभं करत नाहीत. सरकारी कामांवरच ज्याचं पोट आहे, त्याला ही जन्मठेपच. साडूला कुणी काही विचारलं नव्हतं. सरळ पोस्टाने आदेश आला. दुसरा कुणी असता तर साहेबांच्या घरी खेटे घालत बसला असता. हा कोर्टात गेला. खालच्या कोर्टात हरला, तरी गप्प बसेना, अपिलात गेला. आणि अपील कोर्टाने निकाल दिला की माणसाला काळ्या यादीत टाकणं म्हणजे त्याचा धंदा मारणं. तेव्हा आधी त्याला लेखी नोटीस द्या, तुमचा विचार काय आहे ते सांगा, त्याचं म्हणणं ऐका. ऐकून घेतलं नसेल, तर आदेश रद्द.

एका रंगाऱ्याच्या भांडणातून सगळ्या कंत्राटदारांना संरक्षण मिळालं. कुठेही वाद झाला, की कंत्राटदाराचा वकील उठायचा आणि तो निकाल पुढे ठेवायचा. पूल बांधणारे सुटले, पाइप टाकणारे सुटले, सरकारी खुर्च्या विणणारा एक जण सुटला. साहेब लोक आदेशावर सही करण्याआधी दहादा विचार करू लागले. वकील त्याला लांबलचक नावाने ओळखत असतील, पण कंत्राटदारांच्या तोंडी एकच नाव होतं : रंगाऱ्याचा निकाल.

संघटनेने सत्कार केला. थेंबशेठ पहिल्या रांगेत होते. साडूने माइक धरला आणि त्यांच्याकडे हात करून म्हणाला, हे सगळं मला आमच्या दादांनी शिकवलं. लोकांनी माना वळवून बघितलं. थेंबशेठनीही टाळ्या वाजवल्या, पण आतून त्यांचा नुसता जळफळाट झाला होता. शिकवलं दादांनी, आणि निकाल रंगाऱ्याचा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं की आपल्याला कधी कुणी काळ्या यादीत का टाकलं नाही. माणसाने काळ्या यादीचासुद्धा हेवा करावा, म्हणजे कमाल झाली.

माणसाने इच्छा तरी जरा जपून करावी. सरकारी छापखान्याचं छत थेंबशेठनी नवं केलं होतं. पाणी साठवून दाखवलं, थेंब पडला नाही, साहेबांनी सही केली. नंतर एसीवाले आले आणि पाइप बसवायला त्यांनी त्याच छताला खुशाल भोकं पाडली. पहिल्या मोठ्या पावसात कागदाचे गठ्ठे भिजून लगदा झाला. खापर फुटलं ते थेंबशेठच्या डोक्यावर.

कारकुनाचा फोन आला की साहेबांनी बोलावलंय. थेंबशेठ इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बाहेरच्या बाकावर दोन तास बसले. बाकाची एक फळी निघालेली होती, म्हणून सतत एका अंगावर भार द्यावा लागत होता. समोरून चहाचा ट्रे आत गेला, रिकामा बाहेर आला. शेवटी आत बोलावलं तेव्हा साहेब मुलीच्या कॉलेजप्रवेशाबद्दल फोनवर बोलत होते. थेंबशेठ उभ्या उभ्याच म्हणाले, साहेब, तुमच्या एसीवाल्यांनी भोकं पाडलीत हो. साहेबांनी फोनवर हात ठेवला, "लिहून द्या," म्हणाले आणि दाराकडे मान केली. संपलं. घरी येऊन थेंबशेठनी शर्ट काढून खुर्चीवर फेकला आणि बायकोला सगळं सांगितलं. पाण्याचा ग्लास विचारला नाही, म्हणाले. कुत्र्यालासुद्धा माणूस हाड म्हणायला तोंड वळवतो, त्याने तेही केलं नाही.

पुढच्याच राजपत्रात त्यांचं नाव काळ्या यादीत आलं. राजपत्र त्याच छापखान्यात छापलेलं. छपाई बाकी सुरेख होती.

आता खरं तर रडायचं काही कारणच नव्हतं. नोटीस नाही, सुनावणी नाही. रंगाऱ्याचा निकाल जणू त्यांचं माप घेऊनच शिवलेला. हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात यावं? साडूच्याच. त्याने नवरा-बायको दोघांना जेवायला बोलावलं. मेहुणी वाढत होती, बायको तिच्या हाताखाली होती, आणि साडू पाटावरून पुढे सरकून म्हणाला,

"दादा, तुम्हालाही विचारलं नाही ना? मग चिंताच सोडा. माझा निकाल लावायचा. एका तारखेत मोकळे."

माझा निकाल. पावसात शेजाऱ्याला छत्री द्यावी तसं म्हणाला तो. त्यात खोट नव्हती, टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. ज्याने आपले डबे वाहिले, त्याच्या छत्रीखालून आपण घरी जायचं. आणि उद्या कुणी विचारलं, थेंबशेठ कसे सुटले, तर लोक म्हणणार, साडूने सोडवलं. काय बोलतोय हे कळायच्या आत थेंबशेठ बोलून गेले होते.

"तुझी गोष्ट वेगळी होती. तुला कुणी विचारलं नाही. मला साहेबांनी स्वतः बोलावलं. समोर बसवलं, चहा पाजला. चांगलं अर्धा तास ऐकून घेतलं."

बायकोचा वाढता हात मध्येच थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि पुढचा पदार्थ आणायला आत गेली. साडूचे डोळे मात्र मोठे झाले. "अर्धा तास?" तो म्हणाला. "साहेब लोक इतका वेळ देतात?" थेंबशेठ म्हणाले, ओळख असली म्हणजे देतात. मेहुणीच्या घरात, मेहुणीसमोर निघालेला शब्द. तो आता परत गिळायचा म्हणजे ताटासकट गिळायला हवा होता.

वकील करायची वेळ आली तेव्हा साडूच्या वकिलाकडे जायचा प्रश्नच नव्हता. थेंबशेठनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एक वकीलबाई गाठल्या. बाई हुशार होत्या, आणि कमी बोलायच्या. त्यांनी विचारलं, बोलावणं लेखी होतं का. नाही. काळ्या यादीत टाकायचा विचार आहे, असं त्या खोलीत कुणी म्हणालं का. नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, मग रंगाऱ्याचा निकाल आहे की, सरळ मामला.

"ते नाव माझ्या कागदांत येता कामा नये," थेंबशेठ म्हणाले.

बाईंनी विचारलं, वैर आहे का. थेंबशेठ म्हणाले, छे हो, साडू आहे. बाईंनी मान हलवली. त्यांनाही एखादी जाऊ असावी.

पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. त्यांनी परोपरीने सांगून बघितलं. थेंबशेठचं म्हणणं एकच : माझी केस माझ्या छतावर जिंकायची. भोकं एसीवाल्यांची, हे सिद्ध करायचं. मग निकाल माझ्या कामाबद्दल होईल, माझ्या नावाचा होईल. बाई म्हणाल्या, कोर्ट छतावर चढत नाही. कोर्ट फक्त बघतं की तुम्हाला ऐकलं की नाही. त्यावर थेंबशेठनी शपथपत्रात मुद्दाम एक वाक्य घालायला लावलं. माझं प्रकरण त्या जुन्या प्रकरणासारखं नाही. मला अधिकाऱ्यांनी सन्मानाने बोलावून, चहा देऊन, अर्धा तास माझं म्हणणं ऐकून घेतलं होतं. साडू ते वाचणार, हे त्यांना ठाऊक होतं. तो असले कागद चवीने वाचायचा.

"हे खरंय का?" बाईंनी विचारलं.

"खोटं कशाला सांगू?"

"मग हे वाक्य तुम्ही सरकारी वकिलाला बक्षीस देताय, एवढं लक्षात ठेवा."

थेंबशेठनी सही केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. आणि इथे तर हात दाखवून वर अंगठाही उमटवला होता.

खालच्या कोर्टात सरकारी वकिलाने दुसरं काही केलंच नाही. तो उठला, ते एक वाक्य वाचलं आणि बसला. भोकांचा प्रश्न तांत्रिक आहे, त्यात आम्ही पडत नाही, असं म्हणून कोर्टाने दावा काढून टाकला. आता अपील. थेंबशेठच्या मुकादमाने, जो पहिल्या छतापासून त्यांच्याबरोबर होता, विचारलं की शेठ, अजून किती दिवस? माणसं दुसरीकडे बोलणी करतायत. थेंबशेठ म्हणाले, अपिलात होईल. त्यांचं काय पणाला लागलंय ते त्यांना पुरतं कळत होतं. अपिलात हरलो तर दुकानाची पाटी उतरवायची, आणि जी माणसं आपल्या शब्दावर उकळत्या डांबराजवळ उभी राहतात, त्यांना सांगायचं की जा.

बायकोने त्या दिवसांत एकदाच विषय काढला. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाली, बाईंना खरं काय ते सांगा. थेंबशेठ म्हणाले, शपथेवर लिहून दिलंय, आता खोटा ठरू का? बायको म्हणाली, लिहिताना तोच विचार करायचा होता. त्यावर थेंबशेठ पेपर घेऊन बसले. खरं कारण शपथ नव्हतंच. साडूने एव्हाना गावभर सांगितलं होतं की आमच्या दादांना साहेबांनी चहा पाजून ऐकलं. आणि संघटनेत दोघातिघांनी थेंबशेठना विचारलंही होतं, काय शेठ, एवढी वट? त्या प्रश्नाची चव जिभेवरून जात नव्हती.

अपील कोर्टाची खोली उंच, पंखे हळू. वर तीन न्यायमूर्ती. साडूने आपलं काम बंद ठेवलं होतं आणि मेहुणीला घेऊन तो थेंबशेठच्या बरोबर मागच्या बाकावर येऊन बसला होता. वकीलबाईंनी छताबद्दल बोलायला सुरुवात केली, पण मधल्या न्यायमूर्तींनी हात वर केला. म्हातारे होते, आवाज मऊ होता. ते म्हणाले, आम्ही याआधी एक निकाल दिला आहे आणि तो आम्हाला लावावासा वाटतो, पण तुमच्याच अशिलाचं शपथपत्र आडवं येतं. मग त्यांनी चष्म्यावरून सरळ थेंबशेठकडे बघितलं.

"तुम्हीच सांगा. त्या खोलीत नक्की काय झालं?"

कोर्ट असं सहसा कुणाला विचारत नाही. दार उघडून धरलंय, आता फक्त बाहेर या, असं सांगणारा तो आवाज होता. वकीलबाई वळल्या. त्यांच्या नजरेतही तेच होतं. थेंबशेठ उभे राहिले. बाक, निघालेली फळी, समोरून गेलेला ट्रे, साहेबांनी दाराकडे केलेली मान, सगळं जिभेवर तयार होतं. चार वाक्यांचं काम. चार वाक्यं बोलली की यादीतून नाव जाणार, उद्या मुकादम छतावर.

मागून साडू पुढे झुकला आणि कुजबुजला, "बिनधास्त सांगा, दादा."

तेवढं तो बोलला नसता तर कदाचित वेगळं झालं असतं. थेंबशेठना त्याचा श्वास मानेवर जाणवला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आलं की ही चार वाक्यं याच्याही कानांवर पडणार. दादांना बाकावर ताटकळत बसवलं होतं, हे याला कळणार. अर्धा तास नव्हताच, चहा नव्हताच. आणि दादा सुटले ते माझ्याच निकालाने. मग हा घरी बोलावणार, जेवू घालणार, आणि एका शब्दानेही टोचणार नाही. ते न टोचणं जन्मभर सोसायचं.

"चहा दिला, साहेब," थेंबशेठ म्हणाले. "अर्धा तास नीट ऐकून घेतलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

वकीलबाईंनी फाईल मिटली. न्यायमूर्ती लिहायला लागले.

निकाल आला तो असा की लेखी नोटीस दिली नसली, तरी अधिकाऱ्याने समोर बसवून कंत्राटदाराचं म्हणणं ऐकलं असेल, आणि कंत्राटदार स्वतः तसं मान्य करत असेल, तर सुनावणी झाली असं धरावं. अपील फेटाळलं. थेंबशेठना हवा होता तसा त्यांच्या नावाचा निकाल मिळाला.

आणि मग सरकारी कार्यालयांत चहा सुरू झाला.

जी कार्यालयं रंगाऱ्याच्या निकालाने चळचळा कापत होती, त्यांना उताराच सापडला. ज्याचा काटा काढायचा, त्याला फोन करायचा. खुर्ची द्यायची, पुढे कप ठेवायचा आणि म्हणायचं, बोला. तो घोटभर पिऊन दोन वाक्यं बोलला की कारकून कोपऱ्यात नोंद करायचा : चहा दिला, म्हणणं ऐकलं. मग खाली सही घ्यायची. पुढच्या आठवड्यात काळी यादी. कोर्टात सरकारी वकील उठून थेंबशेठचा निकाल वाचायचा आणि बसायचा. कंत्राटदारांनी चहाची अशी धास्ती घेतली की एका पूलवाल्याने कप समोर येताच हात जोडले आणि सांगितलं, साहेब, मी चहा सोडलाय. साहेब म्हणाले, मग कॉफी सांगू?

रंगाऱ्याचा निकाल पुस्तकात तसाच होता, पण त्याची धार गेली होती. लोक आता चहाचा निकाल म्हणत, आणि म्हणताना दात-ओठ खात. संघटनेची माणसं थेंबशेठना बघून रस्ता ओलांडू लागली. मुकादम एक दिवस आला आणि दारातूनच म्हणाला, शेठ, येतो मी. डांबर तापवायच्या गॅसच्या शेगड्या हाताळणारे दोन चांगले कारागीरही त्याच्याबरोबर गेले. दुकानाची पाटी उतरवली तेव्हा तिच्यामागच्या भिंतीचा रंग अगदी नवा निघाला. त्या रात्री थेंबशेठ जेवले नाहीत.

पण खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना गुदगुल्याही होत होत्या. आता रंगाऱ्याच्या निकालाचं नाव कुणी काढलं की पाठोपाठ थेंबशेठच्या निकालाचं नाव काढावंच लागे. आधी त्याचा यायचा, मग यांचा यायचा आणि त्याच्या उरावर बसायचा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये, असं लोक म्हणतात. थेंबशेठना नाक गेल्याचं दुःख होतंच. पण अपशकुन मात्र नामी झाला होता.

तो अपशकुन फिरत फिरत एक दिवस जिथे पोचायचा तिथे पोचला. एका रविवारी सकाळी साडू आला. नेहमी दारातूनच "दादा" म्हणून हाक मारणारा माणूस, पण आज न बोलता आत येऊन बसला. चेहरा उतरलेला. एका सरकारी शाळेच्या भिंतींचा रंग नमुन्याशी जुळत नाही, असं म्हणून साहेबांनी त्याला बोलावलं होतं. खुर्ची दिली. कप ठेवला. काल राजपत्रात नाव आलं होतं.

"दोन मिनिटं दिली, दादा," साडू म्हणाला. "कप अर्धासुद्धा झाला नव्हता, तर म्हणाले, या आता. मी म्हटलं, माझं म्हणणं? म्हणाले, झालं की ऐकून."

साडू खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला. त्याच्या वकिलाने सांगितलं होतं की तुझा स्वतःचा निकाल आता तुला उपयोगाचा नाही, साडूचा निकाल आडवा येतो. एकच वाट आहे. त्या खोलीत खरी सुनावणी झाली नव्हती, बोलताना चूक झाली, असं जर साडूंनी स्वतः अर्ज करून सांगितलं, तर कोर्ट ते प्रकरण पुन्हा उघडेल. कोर्ट रागावेल, कदाचित दंडही करील. पण चहाचा निकाल पडला की तुम्ही दोघं सुटलात, आणि तुमच्याबरोबर बाकीचेही.

"मी वकिलाला म्हटलं, आमचे दादा उगाच काही बोलणाऱ्यांतले नाहीत," साडू म्हणाला. "पण पोटासाठी विचारायला आलो. रागावू नका. खरंच अर्धा तास ऐकलं होतं का हो?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. थेंबशेठनी साडूच्या तोंडाकडे बघितलं. खरं सांगायला, म्हणजे नाही म्हणायला, एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. इथे कोर्ट नव्हतं, न्यायमूर्ती नव्हते, घरचाच माणूस होता. त्यांनी तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात त्यांना साडूच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं. भुवया किंचित वर, नजर एका जागी लागलेली. दाढी करताना आरशात जे रोज दिसायचं, ते त्यांना तिथे दिसल्यासारखं वाटलं. याला दोन मिनिटं मिळाली, आपल्याला अर्धा तास. आज, इतक्या वर्षांनी, हा आपला हेवा करतोय.

"अर्धा तास," थेंबशेठ म्हणाले. "थोडा जास्तच असेल. माणूस बघून वेळ देतात रे."

साडूने सावकाश मान हलवली. "ते खरंय," म्हणाला. मग पाणी प्यायला, ग्लास नीट जागेवर ठेवला आणि येतो म्हणून निघाला. थेंबशेठच्या अंगातून काहीतरी गार, गोड खाली उतरत गेलं. इतक्या वर्षांत असं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. ओरडली नाही, रडली नाही.

"झालं समाधान?" तिने विचारलं. "आता माझ्या बहिणीच्याही घरात चूल कशी पेटायची ते तुम्हीच सांगा तिला."

तिने खिडकीकडे मान केली.

"ते अजून कोपऱ्यावरच असतील. एक हाक मारा. मी दुसरं काही मागत नाही."

आणि थेंबशेठ उठले. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगितलं आहे. हाक मारायची, वर बोलवायचं आणि दार लावून त्याला त्या बाकाची गोष्ट सांगायची, असं ठरवूनच ते खिडकीशी गेले. साडू खरंच कोपऱ्यावर होता. हार्डवेअरवाल्याने त्याला थांबवलं होतं, खांद्यावर हात ठेवून काही विचारत होता, बहुतेक काळ्या यादीबद्दलच. रविवारची गल्ली, गाड्या कमी. साडूचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता.

"आमचं काय घेऊन बसलात," तो म्हणत होता, "आम्ही दोन मिनिटांची माणसं. आमच्या दादांना साहेबांनी अर्धा तास ऐकलं होतं. आत्ताच विचारून आलो. अर्धा तास! माणूसच तेवढा मोठा." आणि हे सांगताना मघाशी उतरलेला त्याचा चेहरा असा फुलला होता, की जणू तो चहा त्यानेच प्यायला होता.

थेंबशेठनी पुन्हा पुन्हा निरखून बघितलं. त्या चेहऱ्यावर हेव्याचा कणही नव्हता. मघाशीही नसणार. मघाशी होतं ते कौतुक होतं, आणि ते त्यांना ओळखता आलं नव्हतं.

मागून बायकोने विचारलं, मारली का हाक. हाक घशाशी आली होती, पण तिथून पुढे सरकेना. ज्याचा धंदा कालच बुडाला, तो माणूस भर रस्त्यात उभा राहून, ज्याने बुडवला त्याचीच कौतुकं सांगत होता. त्याला साधं जळतासुद्धा येत नव्हतं. थेंबशेठ खिडकीचा गज धरून त्याच्याकडे बघत राहिले, आणि आता त्यांना त्याच्या त्या न जळण्याचाही हेवा वाटू लागला.